पारायणाच्या गावात वाचनाचा संकल्प

2025 च्या जानेवारीत राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम राबवला. 1 ते 15 तारखेदरम्यान महाविद्यालयांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत सामूहिक वाचन, लेखकांशी संवाद, पुस्तक परीक्षणाच्या स्पर्धा असा कार्यक्रम होता. नव्या वर्षी जास्त पुस्तके वाचायची, हा एरवी ज्याने त्याने मनाशी करायचा आणि संक्रांतीपर्यंत मागे पडणारा निश्चय त्यामुळे चारचौघांत आला. मराठवाड्यातल्या अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावाला मात्र चारचौघांत केलेला वाचनाचा संकल्प नवा नाही.

या भागात सप्ताह बसतो तो वाचण्यासाठीच. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत संपवायच्या म्हणजे रोज सुमारे 1300 ओव्या होतात. व्यासपीठ चालक पुढे म्हणतो, मंडपातले आवाज त्याच्या लयीत मिसळतात. कोणी मागे पडला तर शेजारचा त्याच्या पोथीत बोट ठेवून ओळ दाखवतो. लिंगायत समाजात हाच मान मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ला आहे. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेले. 2020 मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर ते गेले, तोवर या ग्रंथाच्या पारायणाचा त्यांनी गावोगाव प्रसार केला. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्यांच्या हाती पोथी द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. ऐकून ऐकून ओवी पाठ झाली आणि मग ती छापील अक्षरांशी जुळवत वाचायला शिकले, अशी माणसे मराठवाड्याच्या जुन्या पिढीत भेटतात.

बुद्धविहारांत आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आणि आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. मशिदीत रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजात कुराणाचे तीस पारे पूर्ण केले जातात. सात दिवस, तीन महिने, एक महिना: मुदत वेगळी, पण वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि सोबत पक्की. वाचायचा कंटाळा आला तरी माणूस उठून जात नाही, कारण शेजारी बसलेला वाचतोय. एकट्याने 1 जानेवारीला केलेल्या निश्चयाला नेमका हाच आधार नसतो.

वेदान्त्यांनी याचे कारण फार पूर्वी सांगून ठेवले आहे. त्यांच्या मते मनाचे कामच संकल्प आणि विकल्प करणे. निश्चय हा बुद्धीचा प्रांत. मन ज्या झपाट्याने ‘वाचू’ म्हणते, त्याच झपाट्याने ‘उद्या वाचू’ म्हणते. म्हणूनच व्रताला तिथी लागते, साक्षीदार लागतात.

पण इथेच खरा प्रश्न उभा राहतो. अर्थ न कळता ओव्या म्हटल्या तर ते वाचन म्हणायचे का? वर्षात पन्नास पुस्तके संपवणाऱ्यालाही हाच प्रश्न लागू आहे, कारण त्याचेही लक्ष शेवटच्या पानावर असते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवणापाशी थांबू देत नाही. पुढे मनन आणि निदिध्यास सांगतो. पारायणाच्या बाजूने म्हणता येते की सकाळी वाचलेल्या भागावर दिवसभरात प्रवचन आणि रात्री कीर्तन होते, म्हणजे मननाची सोय मंडपातच केलेली आहे. जिथे ती सोय वरवरची होते आणि पंगतीची तयारी प्रवचनाला गिळते, तिथे सप्ताह उणा पडतो. हे सप्ताहावर प्रेम करणाऱ्यांनीच बोलायला हवे.

या बाबतीत वर्षावासाचा ग्रंथ विशेष आहे. तो बाबासाहेबांच्या निधनानंतर, 1957 साली प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेतच त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. त्यातला पहिला असा: सिद्धार्थाने गृहत्याग का केला? आजारी, म्हातारा आणि मृत माणूस पाहून, हे रूढ उत्तर त्यांना पटत नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याने हे पाहिलेच नसेल कसे, अशी त्यांची शंका आहे. विहारात हे पान वाचले गेले की बसलेल्यांनाही उत्तर शोधावे लागते. श्रद्धेने हाती घेतलेला ग्रंथच वाचकाला शंका घ्यायला लावतो, आणि श्रद्धा त्याने उणावत नाही. वाचनाचा याहून मोठा लाभ दाखवणे कठीण आहे.

म्हणून पुढच्या जानेवारीत अहमदपूरच्या वाचनालयात कोणी संकल्प करणार असेल, तर पुस्तकांचा आकडा आधी ठरवू नये. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी. पाच-सात जणांनी एकच पुस्तक घ्यावे, त्यातली पाच पाने मोठ्याने वाचावीत आणि नंतर ज्याला जे पटले नाही ते त्याने बोलावे. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यालाही बोलावता येईल. मंडपात त्याला जागा असतेच, वाचनालयातही असावी. एकच कादंबरी सहा महिने पुरली तरी हरकत नाही.