हलकं नसलेलं काम

पावसाळ्यात वडिवळे धरणातून सोडलेलं पाणी इंद्रायणीला मिळतं आणि देहू-आळंदीकडे निघतं. वाटेत कितीतरी पूल लागतात. सकाळी त्यांवरून दुधाचे कॅन जातात, शाळेची पोरं जातात, एसटी जाते. जाणारा पाण्याकडे पाहतो. पुलाकडे कुणाचं लक्ष नसतं. पूल धड असतो तोवर तो दिसतच नाही.

याच इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीसह कोसळला. चार जीव गेले. पूल जुना होता. धोक्याचा आहे, हेही ठाऊक होतं. पूल पडल्यावर आपण विचारतो, जबाबदारी कुणाची? हा प्रश्न पूल उभा असतानाच विचारायचा असतो.

पुलाची जबाबदारी टाळणं नवं नाही. रोमन साम्राज्यात काही कामं हलकी मानली जात. मानाच्या माणसांना ती माफ असत. रस्ते आणि पूलही त्याच यादीत ढकलले गेले होते. इ. स. ४२३ मध्ये सम्राट होनोरियस आणि थिओडोसियस यांच्या कायद्यानं ते बदललं. पुलाचं काम हलकं नाही, असं त्यात स्पष्ट आलं. सूट कुणालाच उरली नाही. राजघराण्याच्या मालमत्तेला नाही आणि चर्चलाही नाही. देवाचं नाव पुढे करूनही पुलाचं देणं चुकवता येत नव्हतं.

रोममध्ये टायबर नदीवर फॅब्रिशियसचा पूल आहे, इ. स. पूर्व ६२ मधला. माणसं आजही त्यावरून चालत जातात. त्याच्या दगडांवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. पुढे चाळीसेक वर्षांनी ज्या दोन कॉन्सलांनी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, तो पारखून मान्य केला, त्यांचीही नावं तिथेच आहेत. आपल्या कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव असतं. निगा राखणाऱ्याचं नाव आपण कुठे कोरतो?

बांधण्याला समारंभ असतो. सांभाळण्याला फक्त रोजचा दिवस असतो. म्हणून सांभाळणाऱ्याला आपण मनातल्या मनात खालच्या पायरीवर बसवतो. घरातसुद्धा.

आज एखादा पूल ओलांडाल, तेव्हा त्याच्याकडेही एकदा पाहा. कठडा सैल दिसला, खांब खचलेला वाटला, तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगा. हे काम हलकं नाही.