कारखान्यातले नित्यकर्म

पूर्वमीमांसेच्या परंपरेत कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. इच्छेपोटी करायचे ते काम्य, प्रसंग आला म्हणून करायचे ते नैमित्तिक आणि रोजच्या रोज न चुकता करायचे ते नित्य. यांतल्या नित्यकर्माचे एक वैशिष्ट्य अनेक मीमांसकांनी मानले आहे: ते केल्याने वेगळे असे काही पदरात पडत नाही, पण चुकवले तर दोष लागतो. या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. केल्याचे बक्षीस नाही, न केल्याची शिक्षा मात्र आहे, असे कर्म माणसाने का करावे, यावर शतकानुशतके वाद झाला. आज तोच प्रश्न प्रत्येक कारखान्यात उभा आहे. नवी लाइन टाकणे हे काम्यकर्म. त्याने उत्पादन वाढते, बढती मिळते. बंद पडलेले मशीन रातोरात चालू करणे हे नैमित्तिक. त्याचे कौतुक होते. चालत्या मशीनचे तेल तपासणे, बेअरिंगच्या बदललेल्या आवाजाकडे लक्ष देणे, सेफ्टी व्हॉल्व्ह वेळ आली तर खरोखर उघडेल ना याची खात्री करणे हे नित्यकर्म. ते नीट झाले तर काहीच घडत नाही. कारखान्याच्या प्रमुखांना बिघाडाआधीची देखभाल शिकवायची असेल, तर हे काहीच न घडणे हेच आपले कर्तव्य आहे, असे त्यांना पटले पाहिजे. तंत्राचे शिक्षण त्यानंतर येते.

या कर्तव्याचे वजन भोपाळने दाखवले आहे. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइड कंपनीच्या तिथल्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतल्या मिथाइल आयसोसायनेटशी त्याची प्रक्रिया झाली आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. निसटलेला वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर त्या घडीला चालू नव्हता. वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवरही निरुपयोगी होता, कारण त्याच्या गंजलेल्या पाइपचा तुकडा काढलेला होता आणि नवा बसवायचा राहिला होता. कारखाना तोट्यात होता आणि खर्चकपातीत देखभालीची माणसेही कमी झाली होती. सरकारने सुरुवातीला दिलेला आकडाच २,२५९ मृत्यूंचा होता. पुढच्या वर्षांत तो कितीतरी वाढला. पाणी कुणीतरी मुद्दाम सोडले, असा कंपनीचा दावा आहे. तो वादापुरता मान्य केला तरी मूळ मुद्दा हलत नाही. घातपात करणारा एका रात्रीत पाणी सोडू शकेल. एकाच वेळी तीन संरक्षणे निकामी होण्यासाठी मात्र कित्येक दिवसांची न केलेली कामे साठावी लागतात. २०१०मध्ये भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवले ते निष्काळजीपणाबद्दल. न केलेल्या कर्माचा दोष लागतो, हे कायद्यालाही मान्य आहे.

इथे शंकराचार्यांचा आक्षेप विचारात घ्यायला हवा. न करणे म्हणजे अभाव. अभावातून भावरूप दोष कसा जन्मेल, असे विचारून त्यांनी प्रत्यवायाची कल्पना नाकारली. तर्क कसदार आहे आणि अनेक व्यवस्थापकांचा बचावही नकळत त्याच वळणाचा असतो: मी काही केलेच नाही, मग दोष माझा कसा? पण शंकराचार्यांच्या तर्काचा रोख नीट पाहिला तर या बचावाला त्यातून आधार मिळत नाही. अनर्थ कुठूनतरी यायला हवा, तो शून्यातून येत नाही, एवढेच त्यातून निघते. कारखान्यात तो शून्यातून येतच नाही. गंज चढत असतो, पोलाद थकत असते, गॅस्केट कडक होत असते. ही प्रक्रिया कुणाच्या आदेशाची वाट पाहत नाही आणि बजेटची बैठक पुढे ढकलली म्हणून थांबत नाही. देखभाल थांबवणे म्हणजे या चालू असलेल्या झिजेला वाट मोकळी करून देणे, आणि वाट मोकळी करून देणे ही कृती आहे. म्हणून देखभालीच्या खर्चावर काट मारणारी सही ही निर्णयाची सही असते आणि तिची जबाबदारीही निर्णयाचीच असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. देखभाल फायद्याचीच असते, हे हिशोबाने सिद्ध करता येते. मग धर्म आणि कर्तव्य मध्ये कशाला? हिशोब खरा आहे, पण तो कुणाचा आणि किती वर्षांचा, हे त्यात लिहिलेले नसते. प्लांट हेड तीन-चार वर्षांत बदलतो. आज वाचवलेला पैसा त्याच्या नावावर जमा होतो आणि झिजलेले मशीन पुढच्या माणसाच्या वाट्याला येते. शिवाय मोजमाप फसवू शकते. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटीमध्ये बीपीच्या रिफायनरीत स्फोट झाला. १५ माणसे मेली, १८० जखमी झाली. एक टॉवर मर्यादेबाहेर भरत गेला आणि पातळी दाखवणारे उपकरण मात्र पातळी उतरत असल्याचे सांगत राहिले. नंतर नेमलेल्या बेकर समितीने दाखवले की कामगारांच्या वैयक्तिक दुखापतींचे घटते आकडे पाहून कंपनीने आपली यंत्रणाही सुरक्षित आहे असे मानले होते. घसरून पडणे कमी झाले, हे खरे होते. त्यावरून टॉवरची प्रकृती कळत नव्हती. जे मोजायला सोपे तेच पाहायचे, ही सवय हिशोबाने सुटत नाही. जे मोजले जात नाही तेही आपलेच आहे, असे मानणाऱ्या माणसाकडूनच ती सुटते.

तिसरा आक्षेप अनुभवी अभियंत्यांचा आहे आणि तो सर्वांत मोलाचा आहे: देखभाल जास्त झाली तरी मशीन बिघडते. दुसऱ्या महायुद्धात जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडच्या विमानांचा अभ्यास केला, तेव्हा ठरावीक तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत असल्याचे दिसले. १९७८मध्ये विमान-देखभालीचे अभ्यासक नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांबद्दल मांडलेल्या निष्कर्षात ठरावीक वयाला भाग बदलण्याचा उपयोग होईल असे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. म्हणजे वेळापत्रकात आले म्हणून धडधाकट मशीन उघडणे हे कर्मकांड झाले. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यानेच कर्तव्याचे स्वरूप स्पष्ट होते. नित्य करायचे आहे ते अवधान: कंपन मोजणे, तेलातले धातूचे कण तपासणे, तापमान पाहणे आणि मशीनला गरज असेल तेव्हाच हात लावणे. दसऱ्याला आपल्याकडे कारखान्यांत मशीनला झेंडूचे हार घालतात. ज्यावर आपले पोट चालते त्याबद्दल कृतज्ञ असणे हा त्या पूजेचा अर्थ आहे. तो अर्थ उरलेल्या दिवसांच्या अवधानात उतरला नाही, तर हार तेवढे उरतात.

मग प्रमुखांना शिकवायचे कसे? जपानमध्ये १९७०च्या सुमारास सेइची नाकाजिमा यांनी निप्पॉनडेन्सोसारख्या कारखान्यांतून टीपीएमची (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) पद्धत रुजवली. मशीन चालवणाऱ्यानेच ते पुसायचे, पुसताना सैल बोल्ट, गळती, तडा शोधायचा, हा तिचा गाभा. अशा उपक्रमात एखादे नमुन्याचे मशीन आधी व्यवस्थापकांनी स्वतः साफ करावे, अशी रीत आहे. माझ्या मते प्रमुखांच्या प्रशिक्षणाची सुरुवात तिथूनच व्हावी. वातानुकूलित सभागृहातल्या स्लाइडवर धोका ही एक टक्केवारी असते; मशीनपाशी त्या धोक्याच्या टप्प्यात एक माणूस उभा असतो, बहुतेक वेळा कंत्राटी. कोणता व्हॉल्व्ह चिकटतो, हे त्याला ठाऊक असते आणि ते विचारले जाईल याची त्याला खात्री नसते. त्याला विचारणे, ऐकणे आणि त्यावरून मशीन थांबवण्याची हिंमत करणे हे नेतृत्वाचे खरे शिक्षण आहे.

काहीच न घडणे हे कर्तव्य माना, म्हणजे फळाची आशा सोडा, असे म्हटल्यावर कामावरची पकड सुटते, अशी भीती कुणी बोलून दाखवील. गीतेने फळावरची आसक्ती सोडायला सांगितली, पण त्याच अध्यायात कर्मातल्या कौशल्याला योग म्हटले. मोजमाप कौशल्यात येते. श्रेयाची हाव आसक्तीत. म्हणून कंपन्यांनीही आपली रीत बदलावी. प्लांट हेडचे मूल्यमापन केवळ त्याच्या काळातल्या उत्पादनावर न करता, त्याने यंत्रे कोणत्या अवस्थेत घेतली आणि कोणत्या अवस्थेत सोपवली, यावरही करावे. सोपवताना तसा लेखी अहवाल द्यावा, त्यावर देखभाल विभागाइतकेच कामगारांचेही म्हणणे असावे. न घडलेल्या अपघाताचे श्रेय कुणाच्याच नावावर लिहिता येत नाही, हे खरे. पण संध्याकाळी शिफ्ट संपवून सगळी माणसे धडधाकट घरी पोचणे हे ज्याला पुरेसे वाटते, त्याच्याच हाती कारखाना द्यावा. ज्याला ते पुरेसे वाटत नाही, त्याला आधी हे शिकवावे, मगच खुर्ची द्यावी.