कच्च्या लिंबाचा न्याय

फसवणूक म्हटली की फसविणारा आणि फसला जाणारा असे दोन पक्ष आपण गृहीत धरतो. काटा मारणारा दुकानदार असेल तर नाडलेले गिऱ्हाईकही असते. नक्कल करणारा विद्यार्थी असेल तर रात्री जागून अभ्यास केलेला त्याचा वर्गबंधूही असतो. परंतु जेथे खेळणारा एकच, पंचही तोच आणि प्रतिस्पर्धी मुळीच नाही, तेथे नियम वाकविला तर फसले कोण? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. आमच्यापुढे तो आला मुलांच्या खेळातूनच, पण विचार करू लागताच तो मुलांपुरता राहिला नाही.

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ आज आपणांपैकी अनेकांच्या घरी पोहोचला आहे. स्टॉकहोमच्या ‘मोजांग’ने त्याची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध केली आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती संस्थाच विकत घेतली. या जातीच्या खेळांस ‘सँडबॉक्स’ म्हणतात. वाळूत खेळणाऱ्या पोराला काय बांधावे हे कोणी सांगत नाही, तसेच येथेही. झाड तोडावे, लाकडाची कुदळ करावी, तिने दगड फोडावा, दगडाच्या कुदळीने लोखंड काढावे आणि लोखंडी कुदळीने खोल भूगर्भातला हिरा मिळवावा, असा क्रम असतो. रात्री राक्षस येतात. तप्त रसात पाय घसरला तर जवळचे सारे किडूकमिडूक भस्म होते.

पण याच खेळात आज्ञांचीही सोय आहे. मुले तिला बेधडक ‘चीट्स’ म्हणतात, आणि त्या शब्दातील कलंक त्यांच्या कानाला टोचत नाही. जग निर्माण करतानाच या आज्ञांना परवानगी देता येते. मग तिरकी रेघ काढून एक ओळ लिहिली की रात्रीचा दिवस होतो, पाऊस थांबतो, न खणता हिरे हाती येतात. ‘क्रिएटिव्ह’ अवस्थेत तर भूकही लागत नाही आणि मरणाचे भयही जवळपास उरत नाही.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी यावरून वाद झाला. त्यांची कचेरी आमच्याप्रमाणेच जॉर्ज टाउनमध्ये. मुलाचे वय बारा. तेवढ्यात तीन बदल्या, तीन शाळा आणि वर्गात बोलावयाच्या तीन भाषा त्याच्या पदरी पडलेल्या. चेन्नईत आल्यावर कित्येक दिवस त्याला मित्र नव्हता. त्या काळात त्याने या खेळात एक गाव वसविले होते. एके दिवशी तप्त रसात पडून त्याची सगळी मिळकत गेली. त्याने आज्ञा चालू केल्या आणि तासाभरात गेले त्याच्या दसपट मिळविले. वडील म्हणाले, “ही लबाडी आहे.” आई म्हणाली, “त्याने कोणाचे घेतले?”

आईचा पक्ष दुबळा नाही. या आज्ञा चोरवाटेने आत शिरलेल्या नाहीत; त्या खुद्द कर्त्यानेच ठेवल्या आहेत. खेळांतील गुप्त संकेतांचा इतिहासही हेच सांगतो. आमच्या पिढीतील पुष्कळांनी ‘काँट्रा’ खेळताना दोनदा वर, दोनदा खाली, मग डावे-उजवे अशी बटणे दाबून तीस आयुष्ये मिळविली असतील. तो संकेत मुळात १९८६ सालच्या ‘ग्रेडियस’च्या घरगुती आवृत्तीतला. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या कार्यक्रमकाराने तो घातला, कारण चाचणी घेताना तो कठीण खेळ त्यालाच पार करता येईना. म्हणजे ज्याला आपण लबाडी म्हणतो ती प्रथम कारागिराची शिडी होती.

आणि आपल्या अंगणातला ‘कच्चा लिंबू’ आपण विसरलो काय? लपंडावात धाकटे भावंड घ्यावेच लागते. ते बाद झाले तरी बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. त्यास कोणीही लबाड म्हणत नाही, कारण त्याची सवलत सर्वांस आधी ठाऊक असते. मात्र कच्चा लिंबू जिंकला असेही कोणी म्हणत नाही. सवलत आणि श्रेय एकाच हाताने घेता येत नाहीत, हा न्याय आमच्या अंगणाने कोणत्याही ग्रंथावाचून शिकविला.

वडिलांच्या पक्षाचे खरे बळ येथे आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न करणे. हे मान्य केले तर अडथळा काढून टाकताच खेळही जातो. माइनक्राफ्टमधील हिरा हा पडद्यावरचा निळसर ठिपका. त्याला मोल येते ते खणण्याने. स्नेह्यांच्या मुलाचेही तेच झाले. हिऱ्यांच्या राशी पेट्यांत भरून ठेवल्यावर आठ दिवसांत त्याने ते गाव उघडणेच सोडले. त्याला कोणी शिक्षा केली नव्हती.

तरीही आम्ही वडिलांच्या बाजूने निकाल देणार नाही. आपण सरकारी माणसे, म्हणून आपल्याच घरचा दाखला घेऊ. केंद्रीय सेवांच्या भरती नियमांत शेवटी शिथिलीकरणाचे कलम असते. नियम करणाऱ्यासच ठाऊक असते की एखादे वेळी नियम वाकवावा लागेल. परंतु त्या कलमाला दोन कुंपणे असतात: कारणे लेखी नमूद करावयाची, आणि सवलत व्यक्तींच्या एखाद्या वर्गास द्यावयाची. लहरीने, गुपचूप, आपल्या माणसापुरती नव्हे. गंमत अशी की या खेळाच्या ‘बेडरॉक’ आवृत्तीतही अशीच नोंद होते. आज्ञा चालू केल्या की त्या जगात पुढे मानचिन्हे मिळत नाहीत, आणि आज्ञा नंतर बंद केल्या तरी तो हक्क परत येत नाही. ‘जावा’ आवृत्तीत असा दंड नाही. तेथे साक्षीदार केवळ आपण स्वतः.

आमच्या कचेरीपासून जवळच वॉल टॅक्स रोड आहे. अठराव्या शतकात कंपनी सरकारने त्या काळच्या ब्लॅक टाउनभोवती तट बांधला आणि खर्चासाठी रहिवाशांवर कर बसविण्याचे ठरविले. पण तसा अधिकार आपणांस आहे काय, ही शंका निघाली आणि कर वसूल झालाच नाही. नाव तेवढे रस्त्याला चिकटले. आज्ञा देण्याची शक्ती आणि आज्ञा देण्याचा अधिकार या दोन वस्तू आहेत, हे बंदुका बाळगणाऱ्या सत्तेलाही कागदावर मानावे लागले. एकट्याच्या जगात मुलाजवळ शक्ती पूर्ण असते. अधिकार त्याने स्वतःस विचारून ठरवावयाचा.

तो कसा ठरवावा? आम्हांस तीन प्रश्न पुरेसे वाटतात. या जगात माझ्याखेरीज आणखी कोणी खेळतो काय? असेल तर त्याच्या संमतीवाचून दिलेली आज्ञा ही सरळ फसवणूक होय. दुसरा, सवलत घेतल्याचे मी उघडपणे सांगेन काय? ‘हा किल्ला आज्ञेने बांधला’ असे म्हणणाऱ्याच्या किल्ल्यात काही खोट नाही. तिसरा सर्वांत कठीण: मी टाळतो आहे ते निव्वळ कष्ट की खेळाचा गाभा? ज्याला राजवाड्याची रचना करावयाची आहे त्याने दगड आज्ञेने आणले तर बिघडले नाही. वास्तुविशारद विटा भाजत नाही. पण ज्याला खाणीत उतरण्याचीच हौस, त्याने हिरे मागून घेतले तर त्याने आपलेच सुख विकले.

आणि त्या मुलाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट आम्ही दृष्टीआड करू इच्छित नाही. बदलीच्या हुकमाने त्याचे मित्र, शाळा आणि अंगण दर दोन-तीन वर्षांनी नाहीसे होते. ते परत आणणारी आज्ञा ना त्याच्याजवळ आहे, ना त्याच्या वडिलांजवळ. अशा पोराने जेथे आपला शब्द चालतो असे एक जग निर्माण केले आणि गेलेले तेथे तरी परत मागितले, तर त्यास लबाड म्हणणे हे सत्याला धरून नाही. त्याने घेतली ती सवलत होती. ती कोठे पुरते आणि कोठे खेळच संपविते, हे त्याला ओरडून कळणार नाही. शेजारी बसून, हाती कुदळ घेऊन त्याच्याबरोबर एखादी खाण खणली तर कदाचित कळेल.