निष्फळ चढाईचा मानकरी कोण?

29 डिसेंबर 2024 ला पिंपरी-चिंचवडला खेटून असलेल्या बालेवाडीत प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची अंतिम लढत झाली आणि हरयाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला 32-23 असे हरवले. पाटण्याच्या देवांकच्या खात्यात त्या हंगामात चढायांचे 301 गुण होते. तरीही हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला हरयाणाचा इराणी बचावपटू महंमदरेझा शाडलुई. मला त्या निकालाचा मनापासून आनंद झाला. कबड्डीत मोल कशाला म्हणायचे, हा प्रश्न त्यामागे फार दिवस तुंबून होता.

आपल्या गावोगावच्या स्पर्धांनी हा प्रश्न कधी येऊच दिला नव्हता. मंडळांची स्पर्धा असो की कामगार कल्याण मंडळाची कामगार कबड्डी, बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाईचा चषक वेगळा आणि उत्कृष्ट पकडीचा वेगळा. सर्वोत्तम खेळाडूचा मान बहुधा दोन्ही कामे करणाऱ्या अष्टपैलूकडे जाई. चढाईपटू मोठा की कोपरारक्षक, हे ठरवायची वेळच येत नसे.

2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, प्रत्येक गुण खेळाडूच्या नावावर चढू लागला आणि सगळ्या हंगामाचा मान एकालाच द्यायची पद्धत आली. पहिल्या वर्षी तो अनुप कुमारला मिळाला, दुसऱ्या वर्षी अष्टपैलू मनजीत छिल्लरला. पुढची बरीच वर्षे मात्र तो चढाईपटूंनीच नेला. 2018 च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने एका हंगामात पकडींचे शंभर गुण पूर्ण केले. तोवर कुणा बचावपटूला ते साधले नव्हते. मान गेला चढायांचे 271 गुण घेणाऱ्या पवन सेहरावतला. पवनने अंतिम सामना एकट्याने फिरवला होता, त्यामुळे त्याच्या निवडीला नावे ठेवता येणार नाहीत. पण 271 आणि 100 हे आकडे शेजारी ठेवून नितेशला लहान ठरवणे चूक आहे. चढाईपटू एका चढाईत तिघांना टिपू शकतो, वर बोनस घेऊ शकतो. पकडीला गुण मिळतो एकच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असतील तर अव्वल पकडीचे दोन.

आणि पकड तरी एकट्याची कुठे असते? चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा कोपरारक्षक वाकून त्याच्या घोट्यावर नजर रोखून असतो. शेजाऱ्याशी हाताची साखळी सुटू द्यायची नाही आणि झेप अर्ध्या क्षणानेही आधी घ्यायची नाही. घोटा हाती आला की मध्यरक्षक धडक देतो, बाकीचे वरून दाबतात, आणि गुण लिहिला जातो एकाच्या नावावर. झेप फसली तर तो बाद होऊन बाहेर जातो, गुण समोरच्याला मिळतो. म्हणून जाणता कोपरारक्षक कितीदा तरी झेप घेतच नाही. नुसत्या उभे राहण्याने तो चढाईपटूला दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि तीस सेकंदांनी रिकाम्या हाताने परत पाठवतो. गुणपत्रिकेत ही चढाई निष्फळ म्हणून लागते, ती निष्फळ करणाऱ्याचे नाव कुठेच लागत नाही.

चाकणच्या कारखान्यांत अपघाताविना गेलेले दिवस फलकावर लिहितात. न घडलेल्या गोष्टीमागे कुणाची तरी मेहनत असते, हे तिथे मान्य आहे. कबड्डीनेही नियमांतून थोडे मान्य केले: लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे शांत बसलेल्या बचावाला शेवटी गुण मिळतो. पण तिसरीत पकड झाली तर तो पकडणाऱ्याचा. आधीच्या दोन ज्याने अडवल्या त्याचा नाही.

अमेरिकी फुटबॉलचेही असेच आहे. तिथे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक सगळ्या डावाचा सूत्रधार, आणि 2012 मध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या एड्रियन पीटरसनला असोसिएटेड प्रेसचा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळाल्यानंतर 2024 च्या हंगामापर्यंत तो दरवर्षी क्वार्टरबॅककडेच गेला. बचाव फळीतले मानकरी आजवर दोनच: 1971 चा ॲलन पेज आणि 1986 चा लॉरेन्स टेलर.

पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 ला हरयाणाला 28-25 असे हरवून दहावा हंगाम जिंकला. तेव्हा शाडलुई पुण्याकडेच होता. गौरव खत्री कोपऱ्यावर, अबिनेश नादराजन मध्यात, असा तो बचाव होता. मान कर्णधार अस्लम इनामदारला मिळाला. तो चढाईपटू खरा, पण गरज पडली की पकडीलाही जाणारा. तो निर्णय मला पटतो. पुढच्या वर्षी शाडलुईला मिळाला तोही पटतो. पण शाडलुई चढायाही करतो, मनजीतही करायचा. पहिल्या अकरा हंगामांत निव्वळ बचावावर उभ्या राहिलेल्या खेळाडूला हा मान मिळालेला नाही. पकडींचे पाचशे गुण ओलांडणाऱ्या फझल अत्राचलीलाही नाही. प्रत्येक निष्फळ चढाईपुढे ती कोणत्या कोपऱ्याने अडवली, हे लिहायला गुणलेखकाच्या टेबलावर एक रकाना पुरतो. आपल्या पट्ट्यातल्या कामगार स्पर्धांना त्यासाठी लीगची वाट पाहण्याचे कारण नाही.