तोटा कोणी सोसावा?

२०२० सालच्या जानेवारीत उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. गोरोबाकाकांचे तेर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे एका ख्रिस्ती धर्मगुरूचा हा सन्मान झाला, तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. प्रायश्चित्त एकाने करावे आणि तारण दुसऱ्याचे व्हावे, हे कसे?

'करावे तसे भरावे' यावर वाढलेले आपले मन याला सहजी राजी होत नाही. गोरोबांचीच कथा पाहा. विठ्ठलाची आण मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले, असे परंपरा सांगते. आण त्यांची, हातही त्यांचेच, हिशेब जुळतो. क्रूसावर खिळलेले हात मात्र निरपराध्याचे!

१०९८च्या सुमारास आन्सेल्म या धर्मपंडिताने याचा उलगडा ऋणाच्या भाषेत केला. देणे माणसाचे, पण ते फेडण्याचे सामर्थ्य एका देवाचे. म्हणून देव माणूस झाला. बाराव्या शतकातल्या आबेलारला हा जमाखर्च रुचला नाही. क्रूसावरचे प्रेम पाहून माणसाचे अंतःकरण पालटते, यावर त्याचा भर होता.

मला वाटते, दोघेही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. सावकाराने कर्ज सोडले, म्हणजे तूट नाहीशी होत नाही. ती तो स्वतः सोसतो. क्षमेचेही तसेच. माफ करणाऱ्याच्या जखमेचा ठणका त्याच्यापाशीच उरतो. ख्रिस्ती श्रद्धेत शिक्षा कुण्या तिऱ्हाइताला होत नाही. ज्याचे देणे बुडाले, तोच झळ सोसतो.

मात्र यावरून प्रत्येक दुःख हे पापाचे फळ ठरवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात झोपेतली लेकरे दगडमातीखाली गेली. त्यांचे कोणते पाप? शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, हे येशूनेच बजावले आहे. दुःखिताला त्याच्या दुःखाचा अर्थ सांगत बसू नये. त्यातला वाटा उचलावा.

वेदना आपोआप पवित्र होत नाही. प्रेमाने पत्करली, तरच तिला अर्थ येतो. भाऊबीजेला कित्येक घरांत जुन्या अबोल्यामुळे एक पाट रिकामा राहतो. कुणीतरी आपणहून तोटा सोसल्यावाचून तो भरत नाही.