दोषांची साक्ष

वेरूळचें कैलास लेणें पाहून परतणारा प्रवासी बहुधा एकच विशेषण उच्चारतो : निर्दोष. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं कारागिरांनीं हें मंदिर कळसापासून पायाकडे खोदीत आणलें. बांधकामांत चुकलेला दगड बदलतां येतो. येथें उडालेली कपची पुन्हा बसावयाची नव्हती. तेव्हां तें विशेषण शोभतें. परंतु मूर्तीवरची दृष्टि काढून क्षणभर नुसत्या कातळाकडे पाहावें. त्यांत भेगा आहेत, बारीक पोकळ्या आहेत. पोकळी ही शिल्पकाराची अडचण. भूशास्त्रज्ञाला मात्र ती सांगते कीं, सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं हा पाषाण तप्त रस होता व त्यांत वायूचे बुडबुडे अडकले. मग दोष म्हणावयाचा तो कोणाच्या लेखीं?

कृत्रिम हिऱ्याच्या बाबतींत हा प्रश्न केवळ तर्काचा उरत नाहीं. त्यांत पैसा आणि विश्वास गुंतलेला असतो. बंद पात्रांत, अतिशय कमी दाबाखालीं, मिथेन व हायड्रोजन यांचें विघटन केलें म्हणजे सुमारें ८०० अंश सेल्सियस तापलेल्या तबकडीवर कार्बनचे अणु बसत जाऊन हिऱ्याचा पातळ थर वाढूं लागतो. तो पुरेसा जाड झाला कीं त्यांतून खडेही कापतात. कांहीं कार्बन मध्येंच ग्राफाइट होऊं पाहतो; हायड्रोजन तो खरवडून काढतो. म्हणजे नको तें काढून टाकणारी छिन्नी येथेंही आहेच! तरी कोठें एखाद्या अणूची जागा रिकामी राहते, कोठें नायट्रोजन शिरतो, कोठें पात्राच्या क्वार्ट्झमधलें सिलिकॉन.

असा हिरा खाणींतल्या हिऱ्याइतकाच खरा हिरा. नुसत्या भिंगाला भेद बहुधा कळत नाहीं. तो सांगतात दोष. बहुतेक खनिज हिऱ्यांत नायट्रोजनचे अणु जोडीनें वा घोळक्यानें आढळतात, आणि भूगर्भाच्या उष्णतेंत तसे जमण्यास त्यांना कोट्यवधि वर्षें लागतात. वायूपासून वाढविलेल्या हिऱ्यांत हे घोळके नसतात. सिलिकॉनची खूण मात्र पुष्कळदां सांपडते. त्यामुळें परीक्षकाला संशय येतो तो अतिशुद्ध खड्याचा! (निसर्गानेंही क्वचित् असे शुद्ध खडे घडविले असल्यानें केवळ शुद्धतेवरून निकाल देतां येत नाहीं.)

कोणी विचारील, डोळ्यांना भेद दिसत नसेल तर न सांगतां विकण्यांत बिघडलें काय? बिघडलें तें हें कीं, घेणाऱ्याची निवड विकणाऱ्यानें परस्पर करून टाकली. कृत्रिम हिरा मला मुळींच हीन वाटत नाहीं; कित्येकांना तोच हवा असतो. शिवाय तो स्वतः खोटें बोलत नाहीं, आपली जन्मकथा अंगांत बाळगून असतो. खोटें असतें तें दुकानदाराचें मौन.

याचें दुसरें टोक पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत दिसतें. नायट्रोजनचा एक अणु आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा, या जोडदोषावर हिरवा प्रकाश टाकला असतां तो तांबडा उजळतो, आणि त्या उजेडांतील फरकावरून सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रें मोजतां येतात. तेथील संशोधकांनीं या तत्त्वावर सूक्ष्मदर्शक बनविला आहे. निर्दोष हिरा त्यांच्या काय कामाचा?

एवढ्यावरून दोषांना आरती ओवाळण्याची मात्र मला इच्छा नाहीं. तशी एक भाबडी रीत हल्लीं पडूं पाहत आहे. वेरूळच्या कातळांतील भेगाही त्या दगडाचा इतिहास सांगतातच. पण आषाढांत त्यांतूनच पाणी झिरपून मूर्तीच्या चेहऱ्यावर उतरतें, आणि तेव्हां भेग वाचीत बसण्यापूर्वीं ती बुजवावी लागते.