सगळ्यांचे वीसच

एका जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग स्कूलमध्ये, जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला, एकाच बॅचमध्ये तीन पूजा होत्या. त्यामुळे हॉस्टेलवर त्यांची नावं गावांवरून पडली. एक कंधारवाली, एक उदगीरवाली. तिसरी या गोष्टीत येत नाही. ती त्या महिन्यात कम्युनिटी पोस्टिंगला गेली होती.

उदगीरवाली कामाला वाघ. सापडत नाही म्हणून तिघींनी सोडून दिलेली शीर तिला पहिल्या फटक्यात सापडायची, आणि ४० पेशंटचा टीपीआर ती अर्ध्या तासात उरकायची. इन्चार्ज सिस्टर बाकीच्यांना तिचंच उदाहरण द्यायच्या. कंधारवालीचं सगळं निवांत. एकेका खाटेपाशी मनगट धरून उभी राहायची ती राहायचीच. उदगीरवाली एकदा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली होती, "आगं, लग्न लावूलालीस का तिचं? सोड की हात!" पेशंटसुद्धा हसले.

टीपीआर म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. पहिल्या वर्षी डेमो रूममध्ये अगदी सुरुवातीलाच हे शिकवतात. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते. श्वासाची गंमत वेगळी. तुमचा श्वास मोजते म्हटलं की माणूस लगेच निराळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, अजून नाडीच बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात रीतसर शिकवलेली ही एकच लबाडी असावी. ती करायला वेळ पुरत नाही, म्हणून मुली न शिकवलेली दुसरी करतात. श्वासाच्या रकान्यात सरसकट २० लिहून टाकतात.

त्यांना नुसतं आळशी म्हणणं सोपं आहे. पण एका पेशंटच्या श्वासाला एक मिनिट धरलं, तर ४० पेशंटच्या फक्त श्वासालाच ४० मिनिटं लागतात. वॉर्डात पाळीला एक स्टाफ, दोन विद्यार्थिनी आणि एक मावशी. लेबर रूममधून हाक आली की त्या दोघींतली एक तिकडे पळणार. कागदोपत्री या मुली शिकायला आलेल्या असतात. वॉर्ड चालतो त्यांच्याच जिवावर, हे मेट्रनपासून मावशीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातच वर्गात घोकून घेतलेलं एक वाक्य: जे लिहिलं नाही, ते केलं नाही. वाक्य चांगलं आहे, रेकॉर्डची शिस्त लावायला हवंच. पण दमलेल्या पोरीच्या डोक्यात ते हळूहळू उलटं होतं. लिहिलं की झालं.

त्या दिवशी उदगीरवालीची दुपारपाळी होती आणि कंधारवालीची रात्रपाळी. सकाळी एक पहिलटकरीण १०८ ॲम्ब्युलन्समधून आली होती. बीपी चढून झटके आलेले, बाळंतपण दुपारच्या आत झालेलं, बाळ नवजात अतिदक्षता कक्षात. तिला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, चालू होतं, दर चार तासांनी कमरेत पाच ग्रॅम.

झटक्यांवर मॅगसल्फसारखं हुकमी औषध नाही. पण ते लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली की अंगात साठत जातं. साठलं की आधी गुडघ्याचा जर्क जातो आणि मग श्वास मंदावत मंदावत थांबतो. म्हणून दर डोसाआधी तीन गोष्टी बघायच्या असतात. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो का, चार तासांत निदान १०० मिली लघवी झाली का, आणि श्वास मिनिटाला निदान १६ आहेत का. तिन्हींतली एक जरी नसली, तरी इंजेक्शन द्यायचं नाही.

रात्री दहाच्या डोसाची वेळ झाली. स्टाफ सिस्टर औषध भरत होत्या. "तू टीपीआर भर, मी आलेच," त्या म्हणाल्या. तक्त्यावर दुपारी दोनला श्वास २०, संध्याकाळी सहाला २०. पेशंटची सासू खाटेशेजारी सतरंजीवर बसली होती. "आता कुठं डोळा लागला बघा हिचा," ती समाधानानं म्हणाली.

कंधारवालीनं मनगट धरलं. नाडी झाली, हात सोडला नाही. घड्याळाचा काटा फिरून आला तेव्हा श्वास झाले होते १०. आपलंच चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा मोजले. दहाच. मग खाली वाकून युरोबॅग पाहिली, जेमतेम ६० मिली. नी-हॅमर लेबर रूममध्ये गेलेला, म्हणून तिनं हाताच्या कडेनं गुडघ्याखाली टोला दिला. पाय हलला नाही. दुसरा पायही नाही.

"सिस्टर, हिचे श्वास दहाच आहेत."

"अगं, वीस आहेत की. सहाचं बघ ना वर."

"कागदावर वीस आहेत, सिस्टर. हिचे दहाच आहेत."

सिस्टर वीस वर्षांच्या नोकरीच्या होत्या. भरलेली सिरिंज त्यांनी ट्रेमध्ये ठेवली, स्वतः खाटेपाशी आल्या आणि मिनिटभर छातीकडे बघत राहिल्या. त्यानंतर वॉर्डात जी पळापळ झाली, ती सांगण्यात अर्थ नाही; असल्या पळापळी सगळ्या सारख्याच असतात. ऑक्सिजन लागला, डॉक्टर आले, मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट दहा मिली शिरेतून सावकाश गेलं. पहाटेपर्यंत श्वास १६ वर आले. सासूला शेवटपर्यंत एवढंच कळलं, की रात्रभर सिस्टर लोकांनी सुनेला झोपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्यूटर मॅडमनी सगळ्या बॅचला बोलावलं. कंधारवालीचं कौतुक होणार अशी सगळ्यांची अटकळ. मॅडमनी तिचं नावही घेतलं नाही. टेबलावर आठवडाभराचे तक्ते पसरले आणि फक्त श्वासाचा रकाना वाचायला लावला. वीस, वीस, वीस. दम्याची म्हातारी वीस, सिझर झालेली वीस. एक बाई सकाळी अकराला सुट्टी घेऊन गावी गेली होती. दुपारी दोनला तिचेही वीस. त्यावर मात्र वर्गाला हसू आवरेना.

"शपथ घेतलीत तेव्हा नाइटिंगेलचा दिवा हातात धरला होतात ना?" मॅडम म्हणाल्या. "क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनं जास्त सैनिक मेले, हे तिनं सरकारच्या गळी उतरवलं ते दिव्यानं नाही, आकड्यांनी. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं सभासद करून घेतलेली पहिली बाई ती." (शपथविधीला मुलींच्या हातात एकेक कोरा तक्ताही द्यावा, असं मला फार वाटतं; फोटो काही तितका चांगला येणार नाही.) मग त्यांनी गडचिरोलीचं सांगितलं. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना बाळांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, वर्षाच्या आतलं असेल तर ५०. ज्या बायांना मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजायचं साधन केलं. त्या कामानं बालमृत्यू घटले, आणि १९९० मध्ये त्याचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. "त्या बाया मणी सरकवून मोजत होत्या. तुम्ही बारावी सायन्स."

उदगीरवाली उठून उभी राहिली. "मॅडम, कालचे मी मोजले नव्हते. दोन डिलिव्हऱ्या होत्या. वेळच नव्हता."

"मग वेळ नव्हता असं लिहायचं."

पुन्हा हशा झाला. या वेळी मॅडम हसल्या नाहीत. "चौकट रिकामी ठेवायची आणि खाली कारण लिहायचं. डोस असलेल्या पेशंटना आधी गाठायचं. बाकी जमेल तेवढं."

पुढच्या पाळीला उदगीरवालीनं तसंच केलं. मॅगसल्फवाल्या आधी, मग सिझरवाल्या, मग ओळीनं. ४० पैकी २३ मोजून झाल्या आणि लेबर रूममधून हाक आली. उरलेल्या १७ चौकटी तिनं कोऱ्या सोडल्या आणि खाली लिहिलं: 'विद्यार्थिनी लेबर रूममध्ये. मोजले नाहीत.' सकाळी इन्चार्ज सिस्टरांचा पारा चढला. "ऑडिटवाले आले तर मी काय दाखवू? आजवर माझ्या वॉर्डाचा एक कागद अपुरा नव्हता!" दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री दुसऱ्या मुलींनीही कोऱ्या चौकटी सोडल्या आणि प्रकरण मेट्रन मॅडमपर्यंत गेलं.

मेट्रन मॅडम तावातावानंच आल्या होत्या. तक्ते चाळता चाळता त्या गप्प झाल्या. या वॉर्डाला रात्रीसाठी आणखी एक नर्स द्या, असं पत्र त्यांनी वर दोनदा पाठवलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर: वॉर्डाचं रेकॉर्ड तपासलं, सर्व नोंदी वेळच्या वेळी पूर्ण आहेत, सबब जादा मनुष्यबळाची गरज दिसत नाही. आपल्याच पोरींनी लिहिलेल्या विसांनी आपलंच पत्र परत पाठवलं होतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. तिसऱ्या पत्राला त्यांनी त्या तीन रात्रींच्या तक्त्यांच्या झेरॉक्स जोडल्या.

महिनाभरानं एक नर्स मिळाली, तीही कंत्राटी आणि फक्त रात्रीपुरती. मॅगसल्फच्या पेशंटला वेगळा तक्ता आला; मोजणारीची सही असल्याशिवाय डोस भरायचा नाही. इन्चार्ज सिस्टर अजून उदगीरवालीशी तुटक बोलतात. ती अजूनही वॉर्डात सगळ्यांत चपळ आहे, फक्त ४० पेशंटना आता तिला सव्वा तास लागतो.

त्या महिन्याच्या वॉर्ड मूल्यमापनात कंधारवालीला 'कामाचा वेग' या रकान्यात दहापैकी चार मिळाले. मैत्रिणी तिच्या वतीनं भांडायला गेल्या, तर ट्यूटर मॅडमनी वाढवून दिले नाहीत. तिचा वेग खरोखरच चारचा होता.